तरण्या पोरांचे गाडीवेड आणि आपले घर

सोयाबीनची पट्टी हातात पडली, किंवा कारखान्याकडून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की खेड्यापाड्यांतल्या घरांत एक विषय हमखास निघतो. पोरगा जेवताना मान वर करीत नाही. आई भाकरी वाढता वाढता मध्ये पडते. बाप म्हणतो, "आधी सोसायटीचं भागवू, मग बघू." विषय मोटारसायकलचा असतो. दसऱ्याला आणि पाडव्याला तालुक्याच्या गावी गाड्यांच्या दुकानापुढे हार-नारळ घेऊन उभी राहिलेली गर्दी पाहावी. तिच्यात बरीचशी आपलीच मंडळी दिसतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना मी दोन तऱ्हेचे बाप पाहिले. एक, पोराच्या गाडीवेडाला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालणारे. दुसरे, आठवीतल्या पोराच्या हाती किल्ली देऊन "आमचा बाळ्या कशी चालवतो बघा" म्हणून कौतुक सांगणारे. माझ्या मते दोघेही चुकतात. तरणे खोंड उधळते म्हणून कोणी ते विकून टाकत नाही आणि मोकळेही सोडत नाही, त्याला वेसण घालतो. पोराच्या गाडीवेडाचेही तसेच आहे. ही वेसण कशी घालावी आणि न घातल्यास घरावर काय बेतते, ते सांगण्यासाठी हा लेख.

वेड नवे नाही

आमच्या पिढीला सायकलचे वेड होते. दांडीच्या उंच सायकलच्या सीटवरून पाय पायडलला पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत आम्ही शिकलो. गुडघे फुटत, त्यावर माती लावली की औषध झाले. ज्याच्या घरी सायकल नाही तो बाजाराच्या दिवशी दुकानातून तासावर भाड्याने आणी. ॲटलस, हिरो, हर्क्युलिस ही नावे आम्हांला गावच्या बैलांच्या नावांइतकी पाठ होती. हबला रंगीत गोंडे, चाकाच्या तारांत मणी, हँडलला झिरमिळ्या आणि मागल्या चाकाला डायनामो. पोळ्याला बैल सजवावा तशी सायकल सजे. आणि तेव्हाची म्हातारी माणसे म्हणत, "सायकलवर हुंदडतोय नुसता, वैरण कोण टाकणार?" आज आपण तेच म्हणतो, फक्त वाहन बदलले.

पुढे १९७२ साली लूना आली आणि शिक्षक, टपालवाले, दूधवाले तिच्यावर बसले. राजदूतला दोन्ही बाजूंनी दुधाच्या घागरी बांधून गवळी शहराकडे जाताना पुष्कळांनी पाहिले असेल. १९८५ च्या सुमारास चित्र पालटले. हिरो होंडाची सीडी १०० आली, ती थोड्या पेट्रोलवर लांब जाई, म्हणून बापांना आवडली. त्याच साली यामाहाची आरएक्स १०० आली, ती पळे, म्हणून पोरांना आवडली. घराघरांतले भांडण खरे तर तेव्हापासूनचे. १९९४ च्या स्प्लेंडरने बापाची बाजू धरली, २००१ च्या पल्सरने पोराची. आजही दुकानात गेल्यावर बाप लिटरला किती देते ते विचारतो आणि पोरगा सीसी विचारतो.

या वेडात वाईट तेवढे आपल्याला चटकन दिसते. त्यातले चांगले मात्र बाजूला राहते. ज्या पोराला गाडी उघडून बघावीशी वाटते, त्याच्या हाताला यंत्राची जाण असते, आणि आजच्या शेतीला तोच हात लागतो. फवारणीचा पंप बंद पडला, पॉवर टिलर कुरकुरू लागला, विहिरीवरची मोटर घोंघावली, की गावात कोणाला हाक मारतात? त्या गाडीवेड्यालाच.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या चाकाला कोळप्याची पास जोडून 'कृषिराजा' नावाचे हातकोळपे केले. बैलजोडी परवडत नाही अशा घराला ते मोठेच साधन झाले. सायकल कोळपे आता आपल्याकडे ठिकठिकाणी मिळते. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेटच्या मागले चाक काढून तिथे औत जोडले. दुष्काळात बैल उरले नव्हते, तेव्हा गाडीच औताला लागली. 'बुलेट सांती' म्हणून ती देशभर ठाऊक झाली आणि तिला पेटंटही मिळाले. दोघेही साधे शेतकरी. तेव्हा पोरगा गाडीखाली आडवा पडून हात काळे करीत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. शिकायला तयार असेल तर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेत, त्यांची चौकशी करा.

आधी सायकल

पोराला मोटारसायकल हवी असेल तर आधी दोन-तीन वर्षे त्याने स्वतःची सायकल स्वतः सांभाळलेली असावी. पंक्चर स्वतः काढावे, ब्रेकचे रबर बदलावे, चेनला तेल घालावे. रस्त्यावर कडेने कसे जावे, मागून एसटी आली तर काय करावे, ओल्या डांबरावर आणि चिखलाच्या वळणावर चाक कसे सरकते, हे सायकल थोडक्या खरचटण्यावर शिकवते. मोटारसायकलवर तोच धडा फार महाग पडतो. घरोघरी मात्र गोठ्याच्या कडेला चाकातली हवा गेलेली सायकल आणि तिच्यावर कोंबड्या बसलेल्या, असे चित्र दिसते.

सायकल घेताना जाड टायरची, शॉकॲब्सॉर्बरची, गियरची सायकल पोरे मागतात. ती दिसायला झोकात असते, पण स्वस्तातली घेतली तर जड जाते आणि तिचे गियर गावच्या दुकानात कोणाला नीट लावता येत नाहीत. रोज शाळेला पाच-सहा किलोमीटर जाणाऱ्याला साधी, कॅरियरची सायकल अजूनही बरी. मुलींच्या बाबतीत एक सांगतो. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. तुमचा तालुका त्यात असेल तर मुख्याध्यापकांकडे विचारणा करा. ज्या गावांतून मुली एका रांगेत सायकलने शाळेला जातात, तिथे सातवीनंतर शाळा सोडणारी मुलगी मला क्वचितच भेटली.

गाडी किती दूध पिते?

शंभर सीसीची साधी गाडी नोंदणी, विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आसपास जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे थोडा उतार मिळाला इतकेच. पोरांच्या मनातली दीडशे-दोनशे सीसीची गाडी त्याच्या दीडपट-दुप्पट. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने धरले तरी साध्या गाडीला अठरा-एकोणीस क्विंटल सोयाबीन गेले. बाजारात त्याहून कमी भाव मिळाला, तर किती ते तुम्हीच मोजा.

बरे, किंमत एकदाच जाते, पेट्रोल रोज जाते. दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणे झाले आणि गाडी लिटरला पंचावन्न-साठ देत असली, तर आजच्या शंभराच्या वरच्या दराने रोज सत्तर-पंचाहत्तर रुपये उडतात. म्हणजे गाईच्या दुधाचे दोन लिटर तर गाडीच पिते. गाडी दूध डेअरीला नेत असेल, रात्रीच्या विजेला विहिरीवर नेत असेल, खत-औषध आणत असेल, तर ते दूध अंगी लागले. नाक्यावरच्या टपरीपर्यंत दिवसातून पाच फेऱ्या होत असतील तर नाही. एका घरात मी चांगली रीत पाहिली. पोराने वही ठेवली होती. पेट्रोल किती टाकले, किती किलोमीटर झाले, ऑईल कधी बदलले, सगळे लिहिलेले. बाप निरक्षर, पण दर महिन्याला वही वाचून घेई. वर्षाच्या आत टपरीच्या फेऱ्या आपोआप कमी झाल्या. लिहून ठेवलेल्या खर्चाची माणसाला लाज वाटते.

पीककर्जाच्या पैशातून गाडी मात्र घेऊ नका. खरिपाच्या तोंडावर खताला पैसा नाही आणि दारात कोरी गाडी, अशी घरे मी मोजण्यापलीकडे पाहिली आहेत.

कागद आणि नाव

आता सांगतो ते सावकाश वाचावे, जमल्यास घरात मोठ्याने वाचून दाखवावे.

काही वर्षांपूर्वी पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला एकोणीस वर्षांचा एक पोरगा रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागीच गेला. गुणी पोरगा. व्यसन नाही, टवाळी नाही. दिवस झाल्यावर त्याचे वडील शेतकरी अपघात मदतीचा प्रस्ताव घेऊन आले. सातबारा, फेरफार, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळे कागद पिशवीत नीट घडी घालून आणले होते. मी विचारले, "तात्या, पोराचा गाडीचा परवाना?" ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेब, काढायचाच होता. सुगी उरकली की जातो म्हणत होता." गाडीच्या विम्याचे कागद पाहिले, तर गाडी तात्यांच्या नावावर. तात्यांनी जन्मात गाडी चालवलेली नव्हती.

यात दोन्हीकडून दार बंद झाले, ते कसे ते समजून घ्या.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण यांच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दोन लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. पण मयत स्वतः वाहन चालवीत असेल तर त्याचा वैध परवाना लागतो. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात बसत नाही, गाड्यांच्या शर्यतीत झालेला बसत नाही.

दुसरे दार विम्याचे. गाडीचा जो सक्तीचा थर्ड पार्टी विमा असतो, तो आपल्या गाडीने ज्याला धडक बसली त्याच्यासाठी असतो. आपला पोरगा आपल्याच चुकीने पडला तर त्यातून घरी काही येत नाही. चालवणाऱ्यासाठी वेगळा 'मालक-चालक' अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. मात्र तो मिळायला गाडी चालवणारा स्वतः नोंदणीकृत मालक असावा लागतो आणि त्याच्याकडे परवाना असावा लागतो. गाडी बापाच्या नावावर आणि चालवणार पोरगा, म्हणजे हप्ता भरूनही पोरासाठी काही नाही. म्हणून पोरगा अठरा पूर्ण झाला असेल, परवाना असेल आणि गाडी मुख्यतः तोच फिरवणार असेल, तर गाडी त्याच्या नावावर घ्या. मागे बसणाऱ्या आईला, बायकोलाही नुसत्या थर्ड पार्टीत संरक्षण नाही. त्यासाठी थोडा जादा हप्ता भरावा लागतो. विमा घेताना एजंटाला हे दोन प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर पॉलिसीवर बोट ठेवून दाखवायला लावा.

आणि उलट बाजूही आहे. परवाना नसलेल्या पोराने दुसऱ्या कोणाला उडवले, तर विमा कंपनीला न्यायाधिकरण भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. मालक म्हणजे बाप, आणि बापाकडे वसूल करण्याजोगे काय असते? जमीन. पोरगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आठवीतल्या बाळ्याचे कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रस्त्यावर आपणच आपल्याला आडवे

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. मेलेल्यांत ग्रामीण भागातले प्रमाण शंभरात अडुसष्ट. शहरातल्या गर्दीत गाड्या वाढल्या असतील, पण मरण आपल्या मोकळ्या रस्त्यांवर जास्त आहे.

मोकळा रस्ता पोराला वेग देतो आणि त्या रस्त्यावर आपणच अडथळे मांडतो. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चालतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वाढ्यांनी सगळी मागची बाजू झाकलेली. टायर फुटला की ट्रॉली जागेवर उभी, भोवती दगड मांडलेले. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढे त्यांवर कोणीतरी पडतो. तात्यांचा पोरगा ज्या ट्रॉलीवर आदळला, तिचा मालकही शेजारच्या गावचा शेतकरीच होता. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावायला एका वेळच्या डिझेलइतकाही खर्च येत नाही. ऊस भरताना वाढे त्यावर येऊ देऊ नयेत, एवढे टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवावे. रस्त्यावर सोयाबीन, ज्वारी वाळत घालण्याचेही तसेच. दाण्यांवरून दुचाकीचे चाक बर्फावरून गेल्यासारखे सरकते. खळे करायला जागा नाही ही अडचण खरी आहे, पण वळणावर तरी पसरू नका.

हेल्मेटबद्दल किती सांगावे! २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसणारे होते. आपल्याकडे हेल्मेट आरशाला अडकवलेले किंवा कोपरात घातलेले दिसते. जणू पोलीस दिसल्यावर करायचा तो नमस्कार आहे. आयएसआय खुणेचे घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते.

आणखी एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवावी. नवी गाडी घरी आली, की पोरे पहिल्या आठवड्यात साडीगार्ड काढून टाकतात. गाडी "म्हातारी दिसते" म्हणे. कायद्याने मागले चाक निदान निम्मे झाकलेले हवे आणि मागच्याला धरायला कडी हवी. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर मागची बाई क्षणात खाली येते. मायबहिणींनो, साडीगार्ड नसलेल्या गाडीवर बसू नका. तुम्ही नाही म्हटले की तो दुसऱ्या दिवशी परत बसतो, हे मी पाहिलेले आहे.

बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवणारी एक जात अलीकडे फोफावली आहे. गाभण म्हैस त्या आवाजाने दावे तोडते, पण पोराला टाळ्या मिळतात. ज्याला खरोखर वेगाची आणि कसरतीची हौस आहे, त्याच्यासाठी रीतसर शर्यती आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर भागात मातीच्या मैदानावरच्या शर्यती झालेल्या आहेत, आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था त्यांचे परवाने देते. तिथे अंगभर चिलखत घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. सायकलवाल्यांनाही मैदान मोठे आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत जोडीने पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने केली.

परवाना काढण्याबद्दल

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधार क्रमांकावर घरूनही देता येते, मात्र ती पोराने स्वतः द्यावी. पैसे घेऊन दुसराच कोणी उत्तरे भरून देतो असे चालले आहे, त्याच्या नादी लागू नये. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्यासाठी दरवेळी जिल्ह्याला जावे लागत नाही. परिवहन कार्यालयाची शिबिरे बऱ्याच तालुक्यांच्या गावी होतात, तारीख ग्रामपंचायतीत किंवा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कळते. चाचणीला ज्या गाडीवर जाणार तिचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी चालू असल्याची आदल्या दिवशी खात्री करावी. नुसत्या कागदांवरून परत आलेली पोरे पुष्कळ आहेत.

चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी काढायला लावतात, पाय जमिनीला टेकला की नापास. रस्त्यावर बेफाम पळवणारी पोरे इथे हटकून पाय टेकतात, कारण हळू चालवायची सवय नसते. खळ्यावर राखेने आठ आखून द्यावा आणि आठ दिवस रोज संध्याकाळी, धारा काढून झाल्या की, पहिल्या गियरमध्ये वीस फेऱ्या मारायला लावाव्यात.